रस्त्यावरील अपघाती मृत्यू आणि शेतकरी



शेतीतील धोके म्हटले की सर्पदंश, विजेचा धक्का, कीटकनाशकाची विषबाधा, मळणी यंत्रात हात सापडणे या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर चटकन उभ्या राहतात. त्यांबद्दल मेळाव्यांत बोलले जाते, भित्तिपत्रके लावली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु आकडे शेजारी शेजारी मांडले तर वेगळेच चित्र दिसते. सर्पदंशाने आपल्या देशात वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळासाठीचा अंदाज आहे. अंगावर वीज पडून दरवर्षी अडीच ते तीन हजारांच्या आसपास मृत्यू होतात. रस्त्यावरील अपघातांत मात्र २०२२ या एकाच वर्षात १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे. दर तासाला १९ माणसे असा त्याचा हिशेब होतो.

‘हे शहरातले, मोटारवाल्यांचे दुखणे आहे, आपला काय संबंध?’ असे आपणास वाटण्याचा संभव आहे. याच अहवालानुसार या मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर तीन माणसांपैकी दोन माणसे गावाकडच्या रस्त्यावर मरतात. त्यांत शेतावरून परतणारा असतो, डेअरीला दूध घालायला निघालेला असतो, बाजारच्या दिवशी तालुक्याला गेलेली नवरा-बायकोची जोडी असते आणि उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरचालकही असतो. म्हणून हा विषय शेतीच्या मासिकात यावयास हवा.

नशीब नव्हे, कारणे असलेला रोग

अपघात झाला की ‘काळ आला होता’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. दुःख हलके करण्यापुरते ते ठीक. पण पूर्वी तांबेरा पडला तरी ‘दैवाचा कोप’ असेच म्हणत. तांबेऱ्याची बुरशी, तिला लागणारा ओलावा आणि बळी पडणारे वाण या तीन गोष्टी कळल्यावरच आपण त्यावर उपाय करू लागलो. वनस्पतीरोगशास्त्रात याला रोगाचा त्रिकोण म्हणतात. यजमान पीक, रोगकारक आणि पोषक वातावरण या तिन्ही बाजू जुळल्या तरच रोग येतो आणि एक बाजू मोडली तर तो आटोक्यात येतो. रस्त्यावरील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनीही हीच दृष्टी घेतली आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅडन यांनी १९६० च्या दशकापासून अपघाताची मांडणी माणूस, वाहन आणि परिसर अशा तीन बाजूंनी केली आणि प्रत्येक बाजूचा विचार अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर असा तीन वेळी करावयास शिकविले. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. दिनेश मोहन यांनी आयुष्यभर हाच विषय हाताळला. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी केवळ रस्त्यांचाच नव्हे, तर मळणी यंत्रे व चारा कापणी यंत्रांमुळे होणाऱ्या इजांचाही अभ्यास केला होता, हे आपणास विशेष वाटेल.

या दृष्टीने काम केल्यास काय होते, ते जपानकडे पाहून कळते. १९७० साली जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ माणसे मेली. त्याच वर्षी भारतात सुमारे १४,५०० मेली, म्हणजे दोन्ही देश जवळजवळ बरोबरीत होते. २०२२ साली जपानचा आकडा २,६१० वर आला आणि आपला पावणेदोन लाखांच्या जवळ गेला. (जपानचा आकडा अपघातानंतर २४ तासांत झालेल्या मृत्यूंचा असतो आणि आपली मोजणी ३० दिवसांची आहे, त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत ताडून पाहू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.) जपानमध्ये या काळात वाहने कमी झाली नाहीत, अनेक पटींनी वाढली. म्हणजे वाहने वाढली की मृत्यू वाढणारच, हा काही निसर्गनियम नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात. त्यांपैकी ९२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. जगातील जेमतेम ६० टक्के वाहने या देशांत आहेत. भारत त्यांतलाच एक.

कोण, कोठे आणि केव्हा?

मरणाऱ्यांत मोटारीत बसलेल्यांचे प्रमाण आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. २०२२ साली आपल्या देशातील अपघाती मृत्यूंपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. या दोघांची बेरीज ६४ टक्के होते. याचा अर्थ असा की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नाही, तेच प्रामुख्याने मरतात. वयाचा विचार केला तर दोन तृतीयांश मृत १८ ते ४५ वर्षांचे आहेत. घरातला कर्ता माणूस, ज्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज असते आणि ज्याची मुले शाळेत असतात, तोच जातो.

रस्त्यांच्या प्रकारात राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के आहे, पण मृत्यू ३६ टक्के. राज्य महामार्गांवर आणखी २४ टक्के. आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. आपण वळण, घाट, धुके, पाऊस यांना भितो. प्रत्यक्षात सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात आणि जवळजवळ तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेत होतात. घाटात चालक सावध असतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर त्याचा पाय आपोआप जड होतो. खड्डे बुजले की अपघात थांबतील, ही समजूत म्हणून अर्धवट आहे. खड्डे बुजलेच पाहिजेत, परंतु रस्ता गुळगुळीत झाला आणि वेगावर दुसरा कोणताच लगाम नसला तर मृत्यू वाढतात.

वेळेचे म्हणाल तर सायंकाळी ६ ते ९ हा काळ सर्वांत वाईट असून सुमारे एक पंचमांश अपघात या तीन तासांत घडतात. आपल्या दृष्टीने ही वेळ कोणती, ते सांगावयास नको. दिवेलागण झालेली असते, गुरे परतत असतात, बायका सरपणाचे भारे घेऊन साईडपट्टीवरून चालत असतात, दूध संकलन केंद्रावर गर्दी असते आणि ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढत असतो. त्याच वेळी शहराकडून मोटारी आणि ट्रक भरधाव येत असतात. उजेड धड नाही आणि अंधारही धड नाही.

महाराष्ट्रात २०२२ साली १५,२२४ माणसे रस्त्यावर मृत्यू पावली. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूनंतर आपला क्रमांक लागला. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा सारा देश हळहळला. पण वरील आकड्याला ३६५ ने भागून पाहा. रोजचे सुमारे ४२ मृत्यू होतात. एकेका गावात, एकेका फाट्यावर एक-एक दोन-दोन असे होतात म्हणून त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

वेगाचा हिशेब

पोलिसांच्या नोंदीनुसार ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे होतात. या आकड्याबद्दल थोडी सावधगिरी बाळगावी. अपघाताची नोंद करताना कारणाच्या रकान्यात ‘चालकाची चूक, भरधाव वेग’ असे लिहून टाकणे सोपे असते. फाट्यावर दिवा नव्हता, दुभाजकातून जाण्याचा रस्ता चुकीच्या जागी ठेवला होता, साईडपट्टी फूटभर खाली खचली होती, हे त्या रकान्यात येत नाही. तरीही वेग हे मूळ कारण आहे, यात शंका नाही. फक्त तो वेग चालकाच्या स्वभावातून जसा येतो तसा रस्त्याच्या बांधणीतूनही येतो.

वेग म्हणजे नेमके काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एखाद्या भिंतीवर आदळली तर बसणारा तडाखा सुमारे २० फूट उंचीवरून पडल्यासारखा असतो. ६० च्या वेगाला तो ४६ फूट होतो आणि ८० च्या वेगाला सुमारे ८२ फूट. आपल्या शिवारातील कोरड्या विहिरींची खोली डोळ्यांसमोर आणा. वेग दुप्पट झाला की तडाखा दुप्पट होत नाही, चौपट होतो. माणसाच्या कवटीला आणि बरगड्यांना ते सोसत नाही.

थांबण्यासाठी लागणारे अंतर हा दुसरा हिशेब. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चांगल्या चालकालाही किमान एक सेकंद लागतो. त्या सेकंदात ८० च्या वेगाची मोटार २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरावर, उत्तम ब्रेक असताना, थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ५७ मीटर. हेच अंतर ६० च्या वेगाला ३७ मीटर व ४० च्या वेगाला २० मीटर आहे. ओला रस्ता, झिजलेले टायर किंवा दारू प्यालेला चालक असेल तर ते कितीतरी वाढते.

रात्री डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस किंवा बिनदिव्याची बैलगाडी साधारण ३० मीटरवर आल्यावर दिसते. थांबायला लागतात ५७ मीटर आणि दिसते ३० मीटरवर! येथेच मृत्यू ठरून जातो. मोटारवाला कितीही सज्जन असो, त्याच्या हाती काही उरत नाही. ‘मला त्याचा उजेड दिसतो, म्हणजे त्याला मी दिसतोच’ अशी पायी चालणाऱ्याची समजूत असते. ती पूर्ण चुकीची आहे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

देशातील अपघातांत मागून धडक हा सर्वांत मोठा प्रकार आहे. साधारण पाच अपघातांतला एक या प्रकारचा असतो. हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखान्यांकडे उसाची वाहतूक सुरू होते, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात या प्रकाराचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललेला असतो. मागच्या ट्रॉलीचा दिवा बंद असतो किंवा मोळ्यांचे वाढे त्यावर लोंबत असतात. मागून ८० ने येणारी मोटार दर सेकंदाला सुमारे १७ मीटर त्याच्या जवळ सरकत असते. ३० मीटरवर ट्रॉली दिसली तर चालकाच्या हाती दोन सेकंदही राहत नाहीत. हीच ट्रॉली दीडशे मीटरवरून दिसली तर त्याला नऊ सेकंद मिळतात, आणि नऊ सेकंदांत कोणीही वेग कमी करू शकतो.

हा सात सेकंदांचा फरक रेडियमच्या पट्टीने पडतो. ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना व दोन्ही बाजूंच्या फळ्यांना लाल-पांढरी पट्टी लावण्याचा खर्च उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे नगण्य आहे. पट्टी लावताना ट्रॉली धुऊन, गंज खरवडून, पत्रा कोरडा करून लावावी. चिखलाने माखलेली पट्टी आणि नसलेली पट्टी सारखीच, म्हणून रस्त्यावर चढण्यापूर्वी ती फडक्याने पुसावी. मोळ्या किंवा कडबा फळ्यांच्या बाहेर लोंबत असेल तर लाकडी फळीवर पट्टी चिकटवून ती फळी भाराच्या अगदी मागच्या टोकाला बांधावी. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या कृषी अभियंत्यांनी १९६० च्या दशकात सावकाश चालणाऱ्या शेती वाहनांसाठी खास खूण तयार केली. नारिंगी रंगाचा त्रिकोण आणि त्याला लाल चमकणारी कड, अशी ती खूण आहे. नारिंगी भाग दिवसा उठून दिसतो, कड रात्री चमकते. विद्यापीठाच्या संशोधनातून निघालेले हे वाण फार स्वस्त आहे, आणि आपल्याकडेही ते रुजावयास हरकत नाही.

ट्रॅक्टरच्या ब्रेकबद्दल एक गोष्ट अनेक अनुभवी चालकही विसरतात. शेतात वळण घेणे सोपे जावे म्हणून डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे दिलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडली पाहिजेत. तसे न करता वेगात एकाच पेडलावर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि उलटतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, म्हणून डिझेल वाचविण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे जीव स्वस्त करणे आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे. भार इतका भरू नये की पुढची चाके हलकी व्हावीत, कारण मग स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. आणि मोठ्या आवाजातील गाण्यांबद्दल काय सांगावे! मागून हॉर्न देणाऱ्याचा आवाज आपल्या कानावर पडत नसेल तर त्या पेट्यांच्या पैशात रेडियम, दोन दिवे आणि एक आरसा आला असता.

ट्रॅक्टर उलटला तर चालक त्याखाली चिरडतो. चालकाच्या डोक्यावर मजबूत लोखंडी चौकट आणि कमरेला पट्टा असेल तर तो वाचू शकतो. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे या प्रकारचे मृत्यू पुढे अगदी थोडे उरले. मात्र केवळ सावलीसाठी बसविलेले पातळ पत्र्याचे छत म्हणजे ही चौकट नव्हे.

ट्रॉली माणसांसाठी नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण मेले. त्यांत बहुतांश बायका आणि मुले होती. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात महिला बुडून मेल्या. ट्रॉलीत धरायला काही नसते, बाहेर पडायला वाट नसते, आणि ती उलटली की सगळा भार आतल्या माणसांवर येतो. चाकाच्या मडगार्डवर बसणे तर त्याहून वाईट, कारण एका गचक्यात माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो. मजुरांना नेण्यासाठी दुसरी सोय महाग पडते, हे खरे आहे. पण शेतीसाठी उतरविलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतील प्रवासी सहसा धरलेले नसतात आणि भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीवर येऊ शकतो, याचाही हिशेब मांडावा. विहीर रस्त्यालगत असेल तर कठडा बांधून घ्यावा.

दुचाकी

२०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. ‘मळ्यापर्यंत तर जायचे आहे’ म्हणून ते घरी खुंटीला राहते. मळ्याच्या वाटेवर महामार्ग ओलांडावा लागतो, हे आपण सोयीस्कर विसरतो. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धडकेला उडून जाते, म्हणून ते घालणे आणि पट्टा लावणे या दोन गोष्टी नसून एकच आहे.

दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेली मोटारसायकल हे आपल्याकडचे रोजचे दृश्य आहे. कॅन अर्धे भरलेले असतील तर दूध हिंदकळते आणि वळणावर गाडी ओढली जाते. म्हणून दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे, कॅनच्या मागच्या बाजूस रेडियम लावावे आणि मागचा दिवा झाकला जाणार नाही अशा बेताने कॅन बांधावेत. मागे बसणाऱ्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन गळफास बसल्याच्या घटना घडतात. साडी-गार्ड आणि पाय ठेवायची पट्टी नियमाने प्रत्येक दुचाकीला असावयास हवी. कडब्याची पेंढी बसवायला सोयीचे म्हणून ती काढून टाकू नये.

आपणच रस्त्यावर ठेवलेले अपघात

थोडे कडू बोलावे लागेल. ज्वारी, सोयाबीन, तूर रस्त्यावर पसरून वाहनांकडून मळून घेण्याची किंवा वाळविण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. कडेला दगड मांडलेले असतात. दुचाकीचे चाक त्या भुसकटावर घसरते, आणि मरणारा बहुधा शेजारच्या गावचा शेतकरीच असतो. नादुरुस्त ट्रॉलीभोवती दगड व फांद्या ठेवल्या जातात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र रात्रभर रस्त्यातच राहतात. पाचट पेटविल्यावर धूर रस्त्यावर येतो आणि पुढचे काही दिसेनासे होते. पाचट कुजवून खत करण्याची शिफारस जमिनीसाठी आहेच, रस्त्यासाठीही ती लागू पडते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला लागून आलेली काळी माती डांबरावर सांडली की तेथे साबण ओतल्यासारखे होते. ती फावड्याने लगेच काढावी. बांध सरकवीत साईडपट्टीपर्यंत नांगर घालणारे आपले काही बांधव पायी चालणाऱ्याला डांबरावर ढकलतात, हेही ध्यानात घ्यावे.

गावाने काय मागावे?

महामार्ग चौपदरी झाला की अनेक गावांची घरे एका बाजूला आणि जमीन दुसऱ्या बाजूला राहते. भुयारी मार्ग दीड-दोन किलोमीटरवर असतो. बैलगाडीला आणि डोक्यावर भारा असलेल्या बाईला तेवढा वळसा परवडत नाही, म्हणून दुभाजक फोडला जातो किंवा उलट्या दिशेने वाहन घातले जाते. याला केवळ बेशिस्त म्हणून भागणार नाही. माणूस जवळचाच रस्ता घेतो, हे आराखडा करणाऱ्याने गृहीत धरावयास हवे होते. पण आराखडा बदलेपर्यंत उलट दिशेने जाणारा जिवंत राहील, याची हमी नाही.

ग्रामपंचायतीने येथे ठरावाने आणि आकड्याने बोलावे. पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले किंवा दहा मृत्यू झाले, तर शासकीय व्याख्येनुसार ते ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरते आणि त्यावर उपाय करणे रस्त्याच्या यंत्रणेला भाग पडते. म्हणून गावच्या फाट्यावरील प्रत्येक अपघाताची तारीख, वेळ आणि जागा एका वहीत लिहून ठेवावी. फाट्यावर दिवा, गावाच्या हद्दीत वेग कमी करणारे पट्टे, एस.टी. थांब्यासाठी डांबराबाहेर जागा, पायी चालण्यासाठी भक्कम साईडपट्टी, एवढ्या मागण्या पुष्कळ आहेत. गावकऱ्यांनी स्वतःच मातीचा उंचवटा घालून गतिरोधक करू नये. रंग आणि फलक नसलेल्या गतिरोधकावर दुचाकीस्वारच उडून पडतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली दीडशेच्या आसपास मृत्यू झाले होते. तेथे धोक्याची ठिकाणे एकेक करून शोधली गेली, उघडे कठडे झाकले गेले आणि वेगावर पहारा बसला. पुढील काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. जे द्रुतगती मार्गावर होऊ शकते ते गावच्या फाट्यावरही होऊ शकते.

अपघात झाल्यानंतर

पहिला तास मोलाचा असतो. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा व गावाचे, फाट्याचे आणि किलोमीटरच्या दगडाचे नाव सांगावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. मान व पाठ वाकू न देता, तीन-चार जणांनी एकदम उचलावे. वाहन पेटण्याचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नये.

‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ या भीतीने लोक पुढे होत नाहीत. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याने नाव सांगण्याची सक्ती नाही आणि त्याच्यावर खटला होऊ शकत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचाराची योजना जाहीर केली. तिच्यानुसार ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. धडक देऊन वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसल्याने अर्जच होत नाहीत.

आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. रस्त्यावरील अपघातही तिच्यात येतो. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य मृत्यू पावल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यासही तेवढेच, आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो. दहावे-तेरावे होईपर्यंत निम्मी मुदत निघून जाते. म्हणून भावकीतील कोणी एकाने सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, प्रथम खबरी अहवाल किंवा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती गोळा करण्याचे काम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अंगावर घ्यावे. घरच्या बाईवर ते टाकू नये. कृषी सहायकास कळविले म्हणजे अर्जाचा नमुना मिळतो.